कापड विकणाऱ्यानं कापडच विकावं?

निवडणूक जवळ आली की आमच्या भागात एक वाक्य हमखास कानावर येतं. उमेदवारांत कुणी कापड दुकानदार असला की लोक म्हणतात, "कापड विकणाऱ्यानं कापडच विकावं, त्याला राजकारणातलं काय कळतं?" त्यातून त्याचं दुकान कधीकाळी बसलेलं असेल, तर वाद तिथंच मिटला असं समजतात. ज्याला स्वतःचं दुकान सांभाळता आलं नाही तो गाव काय सांभाळणार, एवढं म्हटलं की झालं. पारावर, एस.टी. स्टँडवर, मोंढ्यात, लग्नाच्या मांडवात मी हे ऐकत आलो आहे. बोलणारी माणसं अडाणी नसतात. शिक्षक असतात, वकील असतात, गावातले जाणते असतात. म्हणूनच त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटतं, अन्यायाचंही वाटतं, आणि ते नरसी नामदेवात बोललं जावं याचं जास्त वाईट वाटतं.

कयाधूच्या काठावरच्या या गावाला नाव मिळालं ते एका शिंप्याच्या मुलामुळं. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. गावाला त्याची फिकीर नाही. आषाढीनंतरच्या परतवारीला इथं जी गर्दी लोटते ती वाद मिटवून येत नाही. नामदेवांचे वडील दामाशेटी कापडाच्या धंद्यातले. कीर्तनात एक कथा हमखास रंगते. बापानं पोराला कापड विकायला बाजाराला धाडलं. गिऱ्हाईक काही फिरकलं नाही. नामानं उघड्यावर पडलेल्या दगडांनाच कापड पांघरलं, उधारीवर, आणि धोंड्या नावाचा एक दगड जामीन म्हणून घरी आणला. बापाचा संताप, मग त्या दगडाचं सोनं होणं, हे सगळं श्रोत्यांना पाठ असतं. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला, तर धंद्याच्या हिशेबानं तो पोरगा साफ नापास होता. त्याच माणसाची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात शिंप्याचा गज आणि कातरही आहे. धंदा सुटला तरी धंद्याची हत्यारं जिभेवर राहिली. पंजाबातल्या घुमान गावात त्यांची आठवण जपलेली आहे, २०१५ साली आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं होतं, आणि त्या प्रांतातली माणसं नरसीला येऊन माथा टेकतात. संतांना निवडणुकीच्या वादात ओढणं बरं नाही, हे मला कळतं. नामदेवांनी कुठली सत्ता मागितली नव्हती. पण ज्या गावानं आपल्या सर्वांत थोर माणसाची गोष्ट अशी जपली आहे, त्या गावानं तरी गल्ल्यातल्या शिलकीवरून माणसाची किंमत ठरवू नये.

कुणी म्हणेल, हे झालं भक्तीचं, राजकारणाचं बोला. बोलतो. हेच वाक्य, अगदी याच अर्थानं, एका माणसाच्या तोंडावर वर्षानुवर्षं फेकलं गेलं. तो माणूस अमेरिकेचा ३३ वा राष्ट्राध्यक्ष झाला. हॅरी ट्रूमन यांचा उल्लेख त्यांचे विरोधक 'बुडालेला कापडवाला' असाच करत. आमच्याकडच्या जाणत्यांचा मुद्दा खरा असता तर तो तिथं खरा ठरायला हवा होता. म्हणून त्या दुकानाकडं नीट बघायला हवं.

ट्रूमन मिझुरी राज्यातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. पदवी नाही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन होते. युद्धावर जाण्याआधी ओक्लाहोमातल्या छावणीत त्यांनी आणि एडी जेकबसन या सहकाऱ्यानं मिळून सैनिकांचं कँटीन चालवलं होतं, आणि ते नफ्यात चाललं. परत आल्यावर दोघांनी नोव्हेंबर १९१९ मध्ये कॅन्सस सिटीच्या बाराव्या रस्त्यावर, एका बड्या हॉटेलसमोर, पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं. शर्ट, टाय, कॉलर, मोजे, हातमोजे, पट्टे, टोप्या. सकाळी आठला उघडायचं ते रात्री नऊला बंद. युद्धातून सुटून आलेल्या पोरांच्या खिशात पैसा होता, रेशमी शर्ट पंधरा-सोळा डॉलरला जात होते. पहिल्या वर्षी सुमारे ७०,००० डॉलरचा माल खपला. चढ्या भावानं माल भरला होता. १९२० च्या उत्तरार्धात मंदी आली, धान्याचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातातला पैसा आटला आणि कॅन्सस सिटीसारख्या शेतीवर पोसलेल्या शहरातला बाजार गार पडला. फडताळातल्या मालाची किंमत खरेदीच्या निम्म्याहूनही खाली गेली. १९२२ मध्ये दुकानाला टाळं लागलं.

यात त्या दोघांची चूक किती? थोडी होतीच. तेजीत माल जास्त भरला, हात आखडता घ्यायला उशीर केला. पण मुख्य घाव घातला तो दुकानाबाहेरच्या जगानं. आमच्या भागात ज्यानं कापडाचं दुकान जवळून पाहिलं आहे त्याला हे समजवावं लागू नये.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, कुठल्याही बाजारपेठेत जा. कापड दुकानाचं वर्ष लग्नसराईवर उभं असतं. मुलीचा बाप, दोन मामा, आत्या, मावश्या, शेजारीण अशी वीस-पंचवीस माणसं बस्ता बांधायला येतात. खाली गाद्या, वर पंखा, मध्ये साड्यांचा ढीग. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोप्या, फेटे. दुकानदार चार-पाच तास उठत नाही. शंभर साड्या उलगडतो, तीस बाजूला पडतात, पंधरा पक्क्या होतात. चहा दोनदा होतो. मग मामा हळूच गल्ल्याजवळ सरकतो आणि म्हणतो, "मालक, अर्धे आता घ्या, अर्धे सोयाबीन निघाल्यावर." मालक नाही म्हणू शकत नाही, कारण शेजारचा दुकानदार हो म्हणायला बसलेला आहे. वहीत नाव चढतं. इकडं सुरतेच्या, मालेगावच्या, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला मात्र ठरल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात; त्याचा माणूस वसुलीला येतो तेव्हा सोयाबीन निघालं का म्हणून विचारत नाही. पाऊस ऐन फुलोऱ्यात दडी मारतो नाहीतर काढणीला आलेलं पीक भिजवतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात शेतकऱ्याला त्याहून कितीतरी कमी भावात माल टाकावा लागला. शेतकऱ्याचं नुकसान सगळ्यांना दिसलं. त्याच्या मागं मागं कापड दुकानदाराच्या वहीतली उधारीही गोठली, ती कुणी मोजली नाही.

आणि २०२०. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली तेव्हा दुकानं लग्नसराईच्या मालानं ठासून भरली होती. एप्रिल, मे, जून कोरडे गेले. लग्नं लागली ती मोजक्या माणसांत, ना बस्ता, ना मानपान. भाडं चालू, व्याज चालू, पोरांचा पगार थोडाफार चालू. त्या वर्षी ज्याचं दुकान बसलं त्याला नालायक म्हणणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं की आपण त्या गादीवर बसलो असतो तर कोणतं शहाणपण दाखवलं असतं. पगारी माणसाला मंदी बातम्यांत दिसते. दुकानदाराला ती समोर बसून भोगावी लागते, तीही हसतमुखानं, कारण गिऱ्हाईक आलंच तर त्याच्यापुढं रडता येत नाही.

दुकान बुडणं ही घटना आहे. त्यावरून माणूस कळत नाही. तो कळतो पुढं, ज्यांचं देणं लागतो त्यांच्या बाबतीत तो काय करतो यावरून. आणि इथं ट्रूमन यांचा दाखला आमच्या जाणत्यांच्या विरुद्ध जातो. त्यांना दिवाळखोरी जाहीर करायची मुभा होती. कायदा होता, सल्ला देणारे होते. त्यांनी ती घेतली नाही. बँकेचं, घरमालकाचं, माल देणाऱ्यांचं देणं ते पुढं दहा-बारा वर्षं फेडत राहिले. जिल्ह्याच्या कारभारात निवडून आल्यावरही फेडत होते, आणि सिनेटची निवडणूक लढवायच्या सुमारालाही त्यातलं काही बाकी होतं. हे चित्र सोवळं करून सांगायची गरज नाही. एका बँकेचं मोठं देणं होतं, ती बँकच पुढं बुडाली. तिच्या मालमत्तेच्या विक्रीत ट्रूमन यांच्या भावानं तो कागद मूळ रकमेपेक्षा बऱ्याच कमी पैशात सोडवला. म्हणजे पै न् पै चुकती झाली असं म्हणता येत नाही. पण ते पळाले नाहीत, नाव बदललं नाही, मालमत्ता बायकोच्या नावावर करून हात वर केले नाहीत. भागीदार जेकबसनला ओझं झेपलं नाही, त्यानं १९२५ मध्ये दिवाळखोरी घेतली. त्याबद्दल ट्रूमन यांनी त्याला कधी हिणवलं नाही. दोघांची मैत्री मरेपर्यंत टिकली. पुढं जेकबसननं पुन्हा कपड्यांचं दुकान टाकलं, आणि मार्च १९४८ मध्ये हाच जुना भागीदार राष्ट्राध्यक्षांच्या दालनात जाऊन त्यांना ज्यूंच्या राष्ट्राचे पुरस्कर्ते खाइम वाइझमन यांची भेट घ्यायला राजी करून आला. बडे बडे मुत्सद्दी ज्यासाठी दारात ताटकळले होते ते काम एका कापडवाल्याच्या शब्दावर झालं. इस्रायलबाबतच्या त्या धोरणाचं ओझं पॅलेस्टिनी माणसं आजही वाहत आहेत, तेव्हा तो निर्णय बरोबर होता असा माझा दावा नाही. एकत्र दुकान बुडवूनही दोन माणसांचा एकमेकांवरचा विश्वास बुडाला नव्हता, एवढं मात्र त्यातून दिसतं.

धंदा बुडणं आणि दिवाळखोर ठरणं यांतली तफावत आपल्या राज्यघटनेनंही ओळखली आहे. कलम १०२ आणि १९१ प्रमाणं जो दिवाळखोर ठरला आहे आणि त्यातून मुक्त झालेला नाही, तो खासदार-आमदार होऊ शकत नाही. कर्ज असलेल्या माणसाला बंदी नाही. धंद्यात तोटा झालेल्यालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात मालमत्ता लिहावी लागते तशी देणीही लिहावी लागतात. आपल्याकडं त्या शपथपत्रातला कोट्यवधींचा आकडा तेवढा चघळला जातो. देण्यांचा रकाना कुणी वाचत नाही. मला तो रकाना जास्त बोलका वाटतो. मालमत्ता वाढत गेली आणि देणं तसंच राहिलं, तर प्रश्न विचारायला जागा आहे. मालमत्ता साधी आणि देणं दर पाच वर्षांनी कमी होत गेलेलं दिसलं, तर त्या उमेदवाराला निदान ऐकून तरी घ्यायला हवं.

आता समोरून येणारा सगळ्यांत जड आक्षेप. ट्रूमन राजकारणात आले ते कुणाच्या हाताला धरून? कॅन्सस सिटीच्या टॉम पेंडरगास्टच्या. हा गृहस्थ शहरातल्या मतांचा ठेकेदार होता, त्याची स्वतःची काँक्रीटची कंपनी होती, आणि १९३९ मध्ये आयकर बुडवल्याबद्दल तो तुरुंगात गेला. दुकान बंद पडत होतं त्याच वर्षी, १९२२ मध्ये, त्याच्या गटानं ट्रूमन यांना जिल्ह्याच्या कारभारी मंडळावर निवडून आणलं. म्हणजे धंदा बुडाला म्हणून पोटासाठी राजकारण धरलं, असंच ना? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. पोटाचा प्रश्न त्यात होता. पेंडरगास्टची साथ त्यांनी जाहीरपणे कधी सोडली नाही. उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावर, जानेवारी १९४५ मध्ये, टीका ओढवून घेऊन त्याच्या अंत्ययात्रेलाही गेले. पण खुर्चीवर बसून काय केलं ते बघा. जिल्ह्यातले रस्ते चिखलात होते, आधीच्या ठेकेदारांनी पातळ थर ओतून पैसे खाल्ले होते. १९२८ मध्ये ट्रूमन यांनी लोकांपुढं जाऊन रस्त्यांसाठी कर्जरोखे मंजूर करून घेतले, आणि कामं कमी दराच्या निविदेला दिली. बाहेरच्या राज्यातल्या ठेकेदारालाही दिली. पेंडरगास्टनं आपल्या माणसांसाठी दबाव आणला, तो मानला नाही. मोठं काम वाचवण्यासाठी काही लबाड्यांकडं डोळेझाक केली, हेही त्यांनी खासगी टिपणांत लिहून ठेवलं आहे. आपण चोर आहोत की प्रामाणिक, असा प्रश्न त्यांना रात्री छळत होता. असं लिहून ठेवणारे कारभारी माझ्या माहितीत फार नाहीत. आणि पुन्हा हिशेब बघा. हातून लाखो डॉलरची कामं गेली, तरी दुकानाचं देणं पगारातूनच फिटत होतं. १९४० मध्ये त्यांच्या आईचं शेत गहाणात गेलं आणि म्हातारीला घर सोडावं लागलं. सिनेटर मुलाला ते वाचवता आलं नाही. खाणाऱ्या माणसाच्या घरी असं होत नाही.

दुकानानं त्यांना काय शिकवलं, हे १९४१ मध्ये कळलं. युद्धाच्या तयारीसाठी अमेरिका पाण्यासारखा पैसा ओतत होती. छावण्या, कारखाने, जहाजं. अनेक कामांच्या करारात होणारा सगळा खर्च सरकार भरणार आणि वर नफाही देणार, अशी तरतूद होती. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला यातला घोटाळा समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. खर्च जितका फुगेल तितकं ठेकेदाराचं बरं; काटकसर करून त्याला काय मिळणार? ट्रूमन स्वतःची मोटार हाकत छावण्या पाहून आले. साहित्य पावसात सडताना, मजूर काम नसताना पगार घेताना पाहिले, आणि सिनेटमध्ये येऊन चौकशी समिती मागितली. समितीला सुरुवातीला मिळाले १५,००० डॉलर. एवढ्याशा पैशात कोण काय करणार, असं देणाऱ्यांना वाटलं असावं. त्या समितीनं खराब पोलाद, सदोष विमान इंजिनं, फुगवलेली बिलं एकेक करून बाहेर काढली आणि सरकारचे अब्जावधी डॉलर वाचवले. ट्रूमन हे नाव देशाला माहीत झालं ते यामुळं. पुढं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलं आणि १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेल्यावर राज्य त्यांच्या हाती आलं. कापडवाल्याला राजकारणातलं काय कळतं, या प्रश्नाचं हे एक उत्तर झालं. बिल वाचता येतं. मालाची प्रत हातानं ओळखता येते. दिलेल्या पैशाला तेवढा माल आला की नाही, हे बघायची सवय असते. आपल्या किती सभागृहांत ही सवय असलेली माणसं आहेत?

इथवर वाचून काही जण खूश होतील आणि दुसऱ्या टोकाला जातील. हे टोकही आपल्याकडं आहे आणि दिवसेंदिवस बळावतं आहे : यशस्वी धंदेवाला आणा, त्याला खायची गरज नाही, तो राज्य धंद्यासारखं चालवील. ज्याचं दुकान तीन मजल्यांचं, तो उमेदवार तीनपट लायक. हाही तोच हिशेब आहे, फक्त उलट बाजूनं मांडलेला. आधीचे लोक तोट्यावरून माणूस नाकारतात, हे नफ्यावरून स्वीकारतात. दोघेही गल्ल्याकडंच बघतात.

यांच्यासाठीही एक खरा माणूस आहे, तोही अमेरिकेचाच आणि तोही कापडवाला. अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात गोल्डवॉटर घराण्याचं कपड्यांचं मोठं दुकान होतं. आजा फेरीवाला म्हणून आला होता, नातवाच्या काळी दुकान शहराची शान होतं. नातू बॅरी गोल्डवॉटर दुकान उत्तम चालवत, लाल मुंग्यांचं चित्र छापलेल्या चड्ड्या काढून त्यांनी गिऱ्हाइकांना वेड लावलं होतं. १९४९ मध्ये ते नगर परिषदेवर गेले, १९५२ मध्ये सिनेटवर, आणि १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. माणूस सरळ होता, वंशभेदी नव्हता. अ‍ॅरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमध्ये काळे-गोरे भेद मिटवायला त्यांनीच हातभार लावला होता. पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिलं. त्यांचं म्हणणं असं की खासगी दुकानदारानं, हॉटेलवाल्यानं कुणाला आत घ्यावं आणि कुणाला कामावर ठेवावं हे केंद्र सरकारनं सांगू नये. दुकानाच्या मालकाच्या जागेवरून पाहिलं तर हे तर्कशुद्ध वाटतं. अशा दुकानाच्या दारातून हाकलल्या गेलेल्या काळ्या माणसाच्या जागेवरून पाहिलं तर ते क्रूर आहे. उलट ट्रूमन यांच्या आजोबा-आजींनी गुलाम पाळलेले, घरातलं बोलणं वर्णाभिमानाचं, स्वतःच्या तोंडीही खासगीत नको ते शब्द. तरी सैन्यातून परतलेल्या काळ्या जवानांवर दक्षिणेत कसे हल्ले झाले ते कळल्यावर ते हादरले, आणि २६ जुलै १९४८ ला, निवडणूक तोंडावर असताना, पक्ष फुटत असताना, सैन्यदलातली वर्णभेदाची व्यवस्था मोडायचा हुकूम त्यांनी काढला. ज्याचं दुकान बुडालं तो नागरिकाला नागरिक म्हणून पाहू शकला. ज्याचं भरभराटलं त्याला त्या दिवशी ते जमलं नाही. यावरून तोट्यातले सगळे भले ठरत नाहीत. नफ्याची मोजपट्टी इथं चालत नाही, एवढं मात्र नक्की ठरतं.

दुकानदार गिऱ्हाईक निवडू शकतो. ज्याची पत नाही त्याला उधार नाकारू शकतो, तोट्याचा माल बंद करू शकतो. ग्रामपंचायतीला वस्तीवरच्या चार घरांना पाणी तोट्यात द्यावंच लागतं. रेशन दुकानातल्या विधवेला "पत नाही" म्हणता येत नाही. राज्य धंद्यासारखं चालवा म्हणणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा, मग दुकानदारासाठी मत मागावं.

ट्रूमन यांच्या नावावर हिरोशिमा आणि नागासाकीही आहेत. ६ आणि ९ ऑगस्ट १९४५. ते मी झाकणार नाही आणि त्याचं समर्थनही करणार नाही. तो निर्णय त्यांनी घेतला, त्याची जबाबदारीही स्वतःवर घेतली, पण जबाबदारी घेतल्यानं ती माणसं परत येत नाहीत. या निर्णयाचा त्यांच्या दुकानाशी काही संबंध नाही. दुकान यशस्वी झालं असतं तर बॉम्ब पडला नसता, असं कुणी म्हणणार आहे का? मग दुकान चाललं की बुडालं यावरून माणूस तरी का मोजायचा?

शेवटी आपल्या घरचं. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारनं सरकारी शाळांतल्या मुलांचा मोफत गणवेश एका हाती घेतला. कापड राज्य पातळीवर खरेदी करायचं, कापून पाठवायचं, बचत गटांच्या बायांकडून शिवून घ्यायचं. कागदावर चोख. वर्ष निम्मं सरलं तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नाहीत. पोचले ते कुणाला तोकडे, कुणाला ढगळ. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं माघार घेऊन खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं सोपवली. पहिला निर्णय घेणाऱ्यांत बस्ता बांधणारं, माप घेणारं, शिंप्याला माल देऊन तारखेला कपडे मागणारं एक जरी माणूस असतं, तर त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं की तिसरीतल्या पोरांची मापं मुंबईत बसून घेता येत नाहीत. कापड विकणाऱ्यानं कापडच विकावं म्हणता. कापडाचा निर्णय होतो तिथंही तो नको?

मात्र गणवेशाची खरेदी गावात आली की दुसरा धोकाही गावात येतो. दुकानदार सरपंच झाला आणि शाळेचा कपडा त्याच्याच दुकानातून, नाहीतर भावाच्या, मेहुण्याच्या दुकानातून आला, तर? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये याची तरतूद आहे : पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र ठरतो. पण शाळा समितीची खरेदी पंचायतीच्या वहीत येत नाही, आणि मेहुण्याचं नाव सरपंचाच्या शपथपत्रात नसतं. ही फट कायद्यानं बुजणार नाही, ग्रामसभेत उठून विचारल्यावरच बुजेल. उद्या नरसीत एखादा कापड दुकानदार उभा राहिला तर मी त्याला तेच विचारणार आहे. कुणाचं किती देणं आहे आणि ते कसं फेडतो आहेस. कुणाकडून किती येणं आहे, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोकडं वही घेऊन गेला होतास का. निवडून आल्यावर पंचायत, शाळा, अंगणवाडी यांना तुझ्या घरातल्या कुणाच्याही दुकानातून एक वार कापड जाणार नाही, असं ग्रामसभेत सगळ्यांसमोर लिहून देतोस का. त्यानं लिहून दिलं तर माझं मत त्याचं. त्याचं दुकान २०२० मध्ये बंद पडलं होतं की नाही, हे मी विचारणार नाही.